टोचलेलं कुत्रं भुंकत न्हाई

दोष अण्णांचा. दुसऱ्या कुणाचाच नाही. अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते, रिटायर हेडमास्तर. "टोचलेलं कुत्रं भुंकत न्हाई," असं त्यांनी पारावर ठोकून दिलं आणि अख्ख्या गावाला पटलं. माझं कोण ऐकणार? मी कॉलेज सोडून जनावरांच्या दवाखान्यात कुत्री धरणारा! गेल्या साली पिसाळलेलं कुत्रं चावून माझ्या बहिणीला पोटात चौदा सुया बसल्या. तेव्हापासून ती गल्लीत पाय टाकत नव्हती. अण्णा म्हणाले, "नशीब!" मी म्हणालो, "नशीब न्हाई, लस!" संपलं बोलणं. दवाखान्यात कुत्री येईनात, किस्से मात्र साचत गेले.

*

घनसावंगीहून बर्फात घालून लस आली. पोरांना देवी काढायची, म्हणजे देवीची लस टोचायची, दवंडी देऊन देऊन कोतवालाच्या तोंडात तेच बसलेलं. कुत्र्यांचं सांगायचं सोडून तो ओरडला, "उद्या देवी काढणार होऽऽ!"

सकाळी बघतो तर पोरं कणगीत लपवलेली आणि कुत्री रस्त्यावर मोकळी! आम्ही धरधरून टोचली. एका कणगीतून आवाज आला, "माय, डॉक्टर गेला का?"

*

"हे कुत्रं कुणाचं?"

"आमचं न्हाई."

"मंग तुमच्या ओट्यावर कसं?"

"त्यालाच इचारा की!"

डॉक्टर म्हणाले, "बिनमालकाचं असेल तर जीपमध्ये घालून नेतो." लगेच चार घरं भांडायला उठली. एक म्हातारा तर म्हणाला, "आमच्या आज्याच्या टायमापासून हाय हे!"

कुत्रं दीड वर्षाचं!

*

बौद्धवाड्यातली सोजरमाय तीन महिन्यांची पिल्लं सुतळीनं ओढत घेऊन आली. अण्णा पारावरून म्हणाले, "सोजर, वाया जातील की गं!"

"मास्तर, माझी पोरंबी टोचलेलीच हायेत. तोंड बंद पडलं का त्यांचं? थोरला औरंगाबादेत वकिली करून राह्यलाय!"

दुसऱ्या दिवशी त्याच पिल्लांनी अण्णांना पारापासून घरापर्यंत भुंकत पोचवलं. मग लोक आपणहून कुत्री आणायला लागले.

*

राहिला अण्णांचा वाघ्या. शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं शिरल्याची बातमी आली आणि अण्णा त्याला घेऊन हजर! मी धरायला पुढं झालो.

"सरक तिकडं. वाघ्या माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई."

"आन तुम्ही कुणाचंच न्हाई!"

डॉक्टरांनी सुई नेली, वाघ्यानं झटका दिला आणि सुई बराबर अण्णांच्या मांडीत!

"मास्तर, घाबरू नका, काही होत नाही," म्हणत डॉक्टरच दोन पावलं मागं सरकले. नव्या सुईनं वाघ्यालाही टोचलं. अण्णा लंगडायला लागले, म्हणून वाघ्याची दोरी धरायला कुणीतरी पाहिजे होतं. समोरच आमच्या घराच्या दारात उभी राहून बघणारी माझी बहीण खाली उतरली आणि दोरी धरून भर गल्लीतून चालायला लागली. वाघ्या घरापर्यंत भुंकत गेला.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. "अण्णा, बोला की काहीतरी!"

अण्णा गप्प.

सोजरमाय जाता जाता थांबली. "मास्तर बराबर म्हणत होते बाई!"

त्या दिवसापासून अण्णांचं पारावर बसणं सुटलं.