बामवाल्याचं सुतक

आमच्या विक्रोळीच्या चाळीत टीव्ही एकच, शेजारच्या मालवणी काकांचा. जाहिरातीत डोकेदुखीच्या बामची बाटली नाचवणारा तो हसरा माणूस दिसला, की काका "इलो फोकलीचो!" म्हणत उठायचे आणि आवाज बंद करायचे.

एका रविवारी तो वारल्याचं पेपरात आलं. "बाम लावला नसेल रे!" म्हणत चाळ दिवसभर खिदळली. संध्याकाळी आम्ही पिक्चरला जमलो, तर काकांनी टीव्हीची लाकडी दारं लावून घेतलेली. चाळीत कोणी गेलं की ते असंच करायचे.

"काका, तो काय आपल्या चाळीतला होता?"

"रोज घरात येय तो!" काका खेकसले.

पुढच्या रविवारी पिक्चरच्या मध्येच तीच जाहिरात लागली. सगळे काकांकडे बघायला लागले.

"मेलो तरी इलो फोकलीचो!" काका म्हणाले. आवाज बंद करायला मात्र उठले नाहीत.