हप्ता संपल्यावरचे बुधवार

घाटकोपरला आमची दोन खोल्यांची जागा होती आणि चाळीच्या फाटकाशी आमची टॅक्सी उभी राहायची. आमची म्हणायची एवढंच. तिच्या मागच्या दारावर, खाली, पिवळ्या अक्षरांत फोर्टातल्या एका पेढीचं नाव रंगवलेलं होतं. त्या पेढीने कर्ज दिलं म्हणून गाडी आली होती, आणि कर्ज फिटेपर्यंत गाडी कागदोपत्री पेढीचीच.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी चालवत. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे नागपूरला गेले. जाताना त्यांनी यांच्या हातावर बरी रक्कम ठेवली आणि म्हणाले, "आता दुसऱ्याची नोकरी धरू नकोस. स्वतःची टॅक्सी घे." त्या रकमेत माझ्या पाटल्या मिळवल्या, उरलेले पेढीकडून घेतले आणि जुनी विलायती गाडी काळी-पिवळी होऊन दारात आली. मी तिला कुंकू लावलं. सासूबाईंनी नारळ फोडला, गाडीला एक फेरी मारली, मागची अक्षरं निरखली. त्यांना वाचता येत नव्हतं. "ह्यां काय लिवलाहा?" त्यांनी विचारलं. यांनी सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे म्हस शेटाची आणि वैरण आमची."

आणि तसंच झालं. पेट्रोल आमचं, टायर आमचे, यांची कंबर आमची. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मात्र हप्ता फोर्टात पोचलाच पाहिजे. तो दिवस जवळ आला की घरातलं बोलणं कमी व्हायचं. मासळी बंद, मग सुकटही बंद, मग डाळीत पाणी वाढायचं. हे सकाळी चहा घेऊन जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. दुपारी स्टँडवरची बाकीची मंडळी सावलीत डोळा मिटत, तेव्हा हे स्टेशनच्या तोंडाशी गिऱ्हाइकाची वाट बघत उन्हात उभे. झोपेतसुद्धा यांचा उजवा पाय हलायचा, ब्रेक दाबल्यासारखा.

घरात एक नियम होता. तो कुणी तोंडाने सांगितला नव्हता, पण सगळ्यांनी पाळला: गाडीत घरच्या माणसाने बसायचं नाही. बसलं म्हणजे तेवढं भाडं बुडलं. माझ्या मावसबहिणीचं लग्न मुलुंडला होतं, तेव्हा मी आणि सासूबाई शालू नेसून बसच्या रांगेत उभ्या राहिलो. तेवढ्यात समोरून हे गेले, मागे कुणी टोपीवाले गृहस्थ बसवून. यांनी हळूच हॉर्न दिला. सासूबाई हसल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

हप्ते अर्ध्यावर आले असतील-नसतील, श्रावणात यांना टायफॉइड झाला. अंगात एवढा ताप की मला ओळखायचे नाहीत, पण मध्येच उठून "चावी कुठाय?" विचारायचे. मी फोर्टात जाऊन पेढीच्या कारकुनाला भेटले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं, "बाई, माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. हप्ते थकले की शेट गाडी उचलतात. नियमच आहे तो."

मी घरी आले तर दारात यांच्या स्टँडवरचे सरदारजी उभे. फाळणीनंतर सगळं मागे टाकून मुलुंडच्या कॅम्पात येऊन राहिलेले, पांढऱ्या दाढीचे. त्यांचीही टॅक्सी होती. त्यांनी आत येऊन यांच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "बेटी, चाबी दे. खडी गाडी को जंग खाता है, और खडे आदमी को फिकर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की स्टँडवरच्या तिघा-चौघांनी आपसात ठरवलं होतं. ज्याची आपली पाळी संपेल त्याने संध्याकाळी आमची गाडी काढायची. पेट्रोलचे वजा करून उरलेले पैसे मला आणून द्यायचे.

"आणि तुमचा वाटा?" मी विचारलं.

"हमारा वाटा हम उससे लेंगे," सरदारजी यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "जब ये उठेगा, चाय पिलायेगा."

महिना-दीड महिना ते आले. एक दिवस चुकला नाही. मी माझ्या बाजूने एवढंच करू शकत होते की सकाळी गाडी आतूनबाहेरून धुऊन लख्ख ठेवायची. काच आतून पुसायला मी पुढच्या सीटवर बसायची. एका सकाळी पुसून झाल्यावर मी तशीच बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. काचेतून आमची चाळ वेगळीच दिसत होती. वाळत घातलेली लुगडी, नळावरची भांडी, सगळं जणू पुढे सरकायला तयार. कुणी बघायच्या आत मी उतरले. पण हाताला ते चाक लागलं ते लागलं.

हे बरे झाले. कातडं आणि हाडं एवढेच उरले होते, तरी कामाला लागले, आणि हप्ते सरत गेले.

शेवटचा हप्ता भरायला यांनी मला बरोबर नेलं. "तूही चल गो," म्हणाले. "तूही फेडलायस." कारकुनाने शिक्का मारला, कागद यांच्या हातात दिला आणि "झालं" म्हणाला. एवढ्या वर्षांचं एवढंसं झालं. आम्ही उठणार तर आतल्या खोलीतून खुद्द शेट बाहेर आले. यांना त्यांनी पहिल्यांदाच "बसा, बसा" म्हटलं.

"तुमचा हप्ता कधी चुकला नाही," शेट म्हणाले. "अशा माणसाला मी दुसरी गाडी उद्या देतो. एक तुम्ही चालवा, एकावर ड्रायव्हर ठेवा. बसल्या जागी पैसा."

यांचे डोळे चमकले. मी पाहिलं. बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा घेतला. हे बशीत चहा ओतून तसेच बसले.

"दोन गाड्या म्हणजे..." हे म्हणाले.

"म्हणजे पुन्हा हप्ता. गाडी दुसरी, पण दिवस तेच," मी म्हटलं.

"तुला नको?"

"मला तुम्ही घरी हवे आहात. जेवायला, उजेड असताना."

बशीतला चहा निवला, तो हे तसाच प्याले. बाहेर येऊन यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं, गिऱ्हाइकाला धरतात तसं. मी वळसा घालून पुढे जाऊन बसले. यांनी गाडी सुरू केली आणि सवयीने हात बाहेर काढून मीटर खाली पाडला.

"अहो, मीटर!"

"असू दे," हे म्हणाले. "बघू तरी, बायकोला घरी न्यायला किती पडतात."

फोर्टापासून घाटकोपरपर्यंत आम्ही हसत आलो. मीटरचा आकडा बघून मी म्हटलं, "एवढे माझ्याकडे नाहीत हो." हे म्हणाले, "उधार." त्या संध्याकाळी मी रॉकेलचं फडकं घेऊन मागच्या दारावरची अक्षरं पुसायला बसले. अक्षरं चिवट होती. शेवटी सासूबाई आतून उलथनं घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी ती खरवडून काढली. खालचा काळा रंगही थोडा गेला. तो पांढरट डाग तसाच ठेवला.

पुढच्या महिन्यात एक गंमत झाली, पण तेव्हा ती गंमत वाटली नाही. हप्त्याचा दिवस आला तसे हे सैरभैर झाले. जेवताना दारा-खिडकीकडे बघत राहिले. देणं नव्हतं, तरी पहाटे उठून गेले आणि उशिरा आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तो महिना गेला, त्याच्या पुढचाही. पैसे डब्यात पडत होते आणि हे पूर्वीसारखेच उन्हात उभे. मी बोलून पाहिलं. "धंदा आहे, चालतोय तोवर करायचा," म्हणायचे. शेवटी एका सकाळी हे चप्पल घालत होते तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या. अगदी मधोमध.

"आई, बाजूला हो गो."

"झिला, सगळा फेडलंस मां?"

"फेडलं."

"मगे आता कोणाक भिऊन धावतस?"

हे तिथेच उभे राहिले. एक चप्पल पायात, एक हातात. मग हातातली खाली ठेवली आणि आत येऊन आडवे झाले. तो बुधवार होता. दुपारच्या जेवणाला उठवलं तेवढे उठले, परत झोपले. तेव्हापासून बुधवारी गाडी धंद्यावर न्यायची नाही असं ठरलं. रविवारी धंदा चांगला, म्हणून सुट्टी बुधवारी.

पहिले काही बुधवार झोपेत गेले. पुढच्या एका बुधवारी यांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि मला विचारलं, "बोल, कुठे जायचं? गाडी तुझी."

माझ्या तोंडून आधीच तयार असल्यासारखं निघालं. "कुठे नको. मला चालवायला शिकवा."

हे हसले. मी हसले नाही तेव्हा थांबले. "चाळीतले काय म्हणतील?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. "शिकव तिका. तुका परत ताप इलो तर गाडी कोण चालवतलो? सगळे दिवस काय ते सरदारजी येतले?"

त्या काळी आग्रा रोडने भांडुप ओलांडून नाहूरच्या बाजूला गेलं की दोन्हीकडे शेतं आणि गवत. माणूस क्वचितच दिसे. हे मला तिथे नेत. पहिल्या दिवशी मी पदर खोचून बसले आणि गाडी बेडकासारखी उड्या मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. हे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "क्लच असा झटक्यात सोडू नको. दुधावरची साय उचलतेस ना, तसा सोड." मी साय डोळ्यांपुढे आणली आणि पाय उचलत गेले. गाडी निघाली. मी एवढी घाबरले की ब्रेक कुठे तेच विसरले आणि बांधावर चढवूनच थांबवली. एक बैल मान वळवून आमच्याकडे बघत राहिला.

"झकास!" हे म्हणाले. "आता उलटी घे."

चाळीत बोलणी झाली. होणारच. एक शेजारीण पाणी भरताना म्हणाली, "काय गं, आता भाडं पण मारणार काय?" मी म्हटलं, "तू बसतेस तर मारते." ती लाजली, पण पुढच्या आठवड्यात तिने मला गच्चीवर एकटीला गाठून विचारलं, "खरंच अवघड असतं काय गं?"

लायसनच्या परीक्षेला मी पहिल्यांदा नापास झाले. साहेबांनी शिटी वाजवली आणि मी दचकून गाडी बंद पाडली. दुसऱ्यांदा शिटी वाजली तेव्हा मी आधी वळले, मग दचकले. पास झाले.

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही जुहूला गेलो. सासूबाईंनी मालवण सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि मुंबईत राहून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. यांचे वडील गिरणीत, मग वारले, मग घर, मग हप्ता. वेळ कुणाला होता? मी चालवत होते. शेजारी सासूबाई, डोक्यावरून पदर घट्ट, एक हात दाराला धरून. मागे हे. कुर्ला गेलं, साकीनाक्याची वर्कशॉपं गेली. हे सुरुवातीला सूचना करत होते, "डावीकडून, डावीकडून, हॉर्न दे." अंधेरीच्या अलीकडे सूचना थांबल्या. आरशात पाहिलं तर यांची मान कलली होती. गिऱ्हाइकाच्या जागेवर, तोंड किंचित उघडं, गाढ झोपेत. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. "सावकाश चल," म्हणाल्या. "उठात तो."

जुहूला त्यांनी चपला गाडीत काढल्या आणि वाळूतून सरळ पाण्यापर्यंत गेल्या. घोट्यापर्यंत पाणी आलं तशा थांबल्या, ओंजळभर घेऊन डोळ्यांना लावलं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "आमच्या दर्यासारखो नाय. पण पाणी तांच." परतताना भेळ मागितली आणि सगळी एकट्याने संपवली.

शेटकडून मधूनमधून निरोप यायचा. दुसऱ्या गाडीचा. हे प्रत्येक वेळी प्यायला पाणी देऊन निरोप्याला परत पाठवत. पुढे यांच्या टॅक्सीत बसणाऱ्या एका मुख्याध्यापिकेला कळलं की या ड्रायव्हरची बायको गाडी चालवते. त्यांच्या मुलींच्या शाळेला मुलींची ने-आण करायला गाडी चालवणारी बाई हवी होती. बाई मिळत नव्हती म्हणून शाळेची गाडी नुसती उभी होती. त्या स्वतः आमच्या खोलीवर आल्या. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "गाडीवर कर्ज आहे?"

"नाही हो. देणगीतून आली आहे."

"मग येते," मी म्हटलं.

शाळा सुरू झाली त्या सकाळी वेण्या घातलेल्या मुली एकमेकींना ढकलत आत चढल्या. एकीने चाकामागे मला बघितलं आणि मागच्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं, "अगं ए, लवकर ये! बाई चालवतायत!"