ब्राह्मीची पाटी

राष्ट्राच्या स्मरणशक्तीसाठी मी घर सोडलं. आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत माझ्याबद्दल असंच छापलंय. खरं म्हणजे मी सात ठिकाणी अर्ज केले होते आणि उत्तर फक्त दिल्लीहून आलं.

मिरज स्टेशनवर आईने ओल्या फडक्यात गुंडाळलेली मुळं माझ्या पिशवीत कोंबली. आमच्या न्हाणीमागे, सांडपाण्यावर पसरणारा गोल पानांचा कारिवणा. "पाणी घालत जा. आणि कुणाला देशील तर आधी पान उलटून बघ. गोल पानांची दुसरीही असतात." बाबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "कुणाशी वाद घालू नकोस." दोघांचंही ऐकायचं असं ठरवूनच मी गाडीत बसले.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत कारिवणा रुजला. मीही रुजले. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायला शिकले, मराठीत 'बिल्कुल' म्हणायला लागले. माझ्या मुलीला कारिवणा हा शब्द येत नाही. ती त्याला 'नानीवाला पौधा' म्हणते.

प्रयोगशाळेत माझं काम होतं ब्राह्मीचा अर्क काढून उंदरांना देणं आणि भूलभुलैयातली वाट त्यांच्या किती लक्षात राहते ते पाहणं. उंदीर हुशार निघाले. शोधनिबंध छापून आला, पहिलं नाव माझं. बाबांनी तो शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. कळला कुणालाच नाही, बाबांनाही नाही. पुढच्या टप्प्यात तीच पावडर विसरायला लागलेल्या वृद्धांना द्यायची होती.

ब्राह्मी जुन्या दिल्लीतल्या ठोक बाजारातून येई, नेहमी दळलेली. एकदा दुकानदाराची चक्की बिघडली म्हणून अख्ख्या सुक्या पानांचं पोतं आलं. मी मूठभर पानं पाण्यात भिजवली. ती उलगडली आणि ताटलीत माझ्या आईची न्हाणी अवतरली. निबंधात आम्ही जिचं लॅटिन नाव छापलं होतं, त्या ब्राह्मीचं पान बारीक, जाडसर, लांबट असतं. हा कारिवणा होता. आधीच्या पावडरीसकट यंत्रावर तपासलं; त्या ब्राह्मीत असायला हवीत ती द्रव्यं औषधालाही नव्हती.

मी पोतं घेऊन दुकानात गेले. "मॅडम, इधर तो इसी को ब्राह्मी बोलते हैं," दुकानदार म्हणाला. "आपके यहाँ क्या बोलते हैं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन झाडांना एकच नाव आहे हे कुठल्याही वैद्याला माहीत असतं. आम्ही शास्त्रज्ञ, म्हणून आम्ही विचारलं नाही.

संचालक शांतपणे म्हणाले, "अरे मॅडम, पौधा तो इंडियन ही है ना? और चूहे को याद रहा कि नहीं?"

"सर, उंदरांना राहिलं. पण आपण म्हाताऱ्या माणसांना एक झाड सांगणार आणि दुसरं पाजणार."

"तो अगली बार असली वाली मँगा लेंगे."

म्हणजे मात्रा एका झाडावरून ठरवायची आणि द्यायचं दुसरंच. हे ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. मला आजही संताप येतो तो त्या चुकीमुळे नाही, चूक माझीही होती. येतो तो त्या बिस्किटाचा.

मी नियतकालिकाला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. चार ओळींची दुरुस्ती छापून आली, चाचणी थांबली. मला प्रकल्पातून काढून हिंदी पंधरवड्याच्या समितीवर नेमलं. 'आपकी हिंदी अच्छी है' असं कारण दिलं. त्या दिवसापासून मी निबंधस्पर्धेचे पेपर तपासते.

घरी फोन केला. "सांगितलं होतं ना, वाद घालू नकोस," बाबा म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "पण पान कुठलं निघालं?" मी सांगायच्या आत मागून आईचा आवाज आला, "कारिवणाच असणार. बघितलं नसेल कुणी उलटून."

मिरजेची तुम्ही मंडळी विचारता, आता घर कुठलं? जिथे पान हातात घेऊन मग नाव सांगतात ते, एवढंच मला सुचतं. दिल्लीत तसा माझ्या बाल्कनीचा कोपरा आहे, साधारण दोन फूट.

संस्थेने यंदा स्मृती-उद्यान उभारलं. शंख वाजला, शाली झाल्या, फीत कापली गेली. संगमरवरी पाटीवर सोनेरी अक्षरांत 'ब्राह्मी' आणि खाली लॅटिन नाव, तेच. मी सवयीने वाकले, पान उलटलं, चुरगळून वास घेतला.

पुदिना आहे. कॅन्टीनमध्ये मंगळवारी त्याची चटणी असते. चांगली असते.