शेवटचं काय बदललं?

नांदे गावात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा भाडेकरू दुकानांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो. मीही त्याच धंद्यातला. माझा प्रोग्राम अडकला की लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जातो. स्क्रीनकडे न बघताच तो विचारतो, "शेवटचं काय बदललं?" मी म्हणतो, काहीच नाही. "काहीतरी बदललंयच," तो नख कुरतडत म्हणतो. ते सापडलं की त्याचं दुसरं वाक्य ठरलेलं: "मग आधीचं परत आण." या थंडपणाची मला चीड येते, कारण प्रोग्राम खरंच सुरू होतो.

परवा घरमालकीणकाकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "आमचं मालक कुणाशी बोलंनात, जेवंनात. डाक्टर म्हंत्यात, समदं बराबर हाय."

त्याने सवयीनं विचारलं, "शेवटचं काय बदललं, काकू?"

"काय न्हाई रं. तेवढी वढ्याकडली भाताची खाचरं इकली."

खिडकीतून ती खाचरं दिसत होती. त्यांच्यावरून जेसीबी फिरत होता. मी त्याच्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत राहिलो. तो उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.