दहा रुपयांत पीडीएफ, चौकशी फुकट

अख्ख्या बडोद्यात दहा रुपये मोजून वर उलटतपासणी सोसायला माणसं आपण होऊन येतात, अशी जागा एकच: कारेलीबागेतली, माझ्या आत्याच्या धाकट्या दिरांची गॅलरी. काका मकरपुऱ्यात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर लोक बागेत जाऊन बसतात, हे गॅलरीत कॉम्प्युटर मांडून बसले. छोट्या कारखान्यांच्या शेडवाल्यांकडे पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, ड्रॉइंगची कॅड फाइल येते आणि ती उघडायचं महागडं सॉफ्टवेअर काही त्यांना परवडत नाही. काका कुठल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरवर तिची पीडीएफ करून देतात, फाइलला दहा रुपये. कामाला एक मिनिट लागतं आणि त्याआधीच्या चौकशीला वीस, कारण काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोण बघणार?"

आता यावर "फिटर" किंवा "वेल्डर" असं उत्तर चालत नाही. वय काय, चष्मा आहे का, मोबाइल केवढा, बघताना उजेड कुठून येतो, सगळं सांगावं लागतं. एकदा एक शेडवाला कावून म्हणाला, "काका, मारे पीडीएफ जोईए छे, एना जन्माक्षर नहीं!" त्याला वेल्डरची कुंडली मांडायची नव्हती. काका थंडपणे म्हणाले, "भाई, चष्मानो नंबर बोलो." त्या बिचाऱ्याने तिथूनच फोन लावून आपल्या वेल्डरला नंबर विचारला. इंटरनेटवर पीडीएफ फुकट होते असं मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "होते ना. पण तिथे कुणी विचारतं का, बघणारा कोण?"

घरातही तेच. पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी तीन तऱ्हांची केली. म्हाताऱ्यांच्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं बारीक आणि "जेवण साडेबारा वाजता" अर्ध्या पानभर. मुहूर्त अकराचा होता. झाडून सगळे म्हातारे साडेबाराला थेट पंगतीत हजर! काकू तर म्हणतात, "यांना खंडेराव मार्केटला पाठवलं की आधी गाळ्यांच्या क्रमाने भाजीच्या यादीची पीडीएफ करतात, आणि मग पिशवी घरी विसरून जातात."

मीही हसायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बाबा मकरपुऱ्यातल्या एका शेडमध्ये लेथवर टर्नर. त्यांनी लेथवर उभं राहून मला इंजिनिअर केलं, हे मी कुठेही ताठ मानेने सांगतो. पण गेल्या वर्षी बाबांचे दोन जॉब, म्हणजे लेथवर कातलेले भाग, लागोपाठ रिजेक्ट झाले. मी ऑफिसात असताना त्यांनी मोबाइलवरचं ड्रॉइंग एकट्यानेच बघून सव्वीसचे अठ्ठावीस वाचले होते. शेठ चांगला माणूस, ओरडला नाही. "भाऊ, हवे घरे आराम करो ने," आता घरी आराम करा, एवढंच म्हणाला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढचा जॉब पायऱ्या-पायऱ्यांचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाडी बदलणारा, एक लांब शाफ्ट होता. तोही बिघडला तर लेथ दुसऱ्याच्या हातात जाणार, हे न बोलता ठरलेलंच होतं.

म्हटलं, मी इंजिनिअर कशाला झालो? शेठकडून फाइल घेतली, ऑफिसात एका क्लिकमध्ये पीडीएफ केली आणि बाबांना पाठवली. बाबांनी मोबाइल आडवा केला, उभा केला, लांब धरला. "यात मापं कुठायत रे?"

मुकाट्याने कारेलीबाग गाठली.

"कोण बघणार?"

"टर्नर."

"टर्नर म्हणजे कोण?"

"बाबा," मी म्हणालो.

काकांनी माझी पीडीएफ उघडली आणि कपाळाला हात लावला. "मापं पिवळ्या रंगात! काळ्या पडद्यावर पिवळा शोभतो रे, पांढऱ्या पानावर त्याला कोण ओळखणार? कॉलेजात हे शिकवत नाहीत?" मग लेथपाशी मोबाइल कुठे ठेवतात, हाताला तेल किती असतं, हे विचारून घेतलं. "तेलकट बोटांनी झूम होत नाही. पण दुमडलेल्या बोटाच्या पेराने पान सरकतं." त्यांनी शाफ्टच्या सात पायऱ्यांची सात पानं केली. प्रत्येक पानावर एकच पायरी, जाड काळी रेघ आणि दुरून दिसतील एवढे ठसठशीत आकडे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी शेडच्या दारात उभा राहिलो. बाबांनी मोबाइल टूलबॉक्सला टेकवून ठेवला आणि पेराने एकेक पान सरकवत शाफ्ट कातून काढला. शेठने मायक्रोमीटर लावून सातही पायऱ्या मोजल्या. "बराबर छे, भाऊ. आखो लॉट तमेज करो." अख्खा लॉट बाबांकडेच!

माझी छाती फुगली, ते खरंच. पण माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून, कुठलंही ड्रॉइंग आलं की बाबा मोबाइल माझ्यापुढे धरून "काय लिहिलंय रे?" विचारायचे, आणि वाचताना आमची डोकी एकमेकांना लागायची. त्या सकाळभर त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. मीच उगाच जवळ जाऊन विचारलं, "दिसतंय ना नीट?"

"दिसतंय की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा शाफ्ट लेथवर चढवला.