डॉक्टरसाहेबांनी स्वतःवर घेतलेली माझी चूक

डॉक्टर सदाशिवराव यांची व माझी पहिली भेट कल्याणला झाली. वैद्यकशाळेतून नुकताच बाहेर पडून मी त्यांच्या हाताखाली सरकारी दवाखान्यात मदतनीस म्हणून रुजू झालो होतो. पगडी खुंटीला अडकवून ते कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात स्वतः शस्त्रे धूत होते. हे काम शिपायाचे, असे मी म्हणताच ते म्हणाले, "ज्याने कापायचे, त्यानेच धुवावे." साठी गाठलेल्या या गुरूंचा गौरव करण्यास बसलो असता मनात मात्र खंतच दाटून येते. तिचे कारण आज सांगतो.

एकदा साहेब कोर्टात साक्षीसाठी ठाण्यास गेले असता डोंबिवलीकडची एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बैलगाडीचा दांडा त्याच्या पोटावर बसला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. एकदा ओकारी झाली होती, एवढेच. मी पोट वरवर चाचपले, औषध दिले आणि म्हणालो, "बाई, काही झालेलं नाही. घरी न्या."

चौथ्या दिवशी ती त्याला घेऊन परत आली तेव्हा त्याचे पोट फळीसारखे कठीण झाले होते. साहेबांनी रात्रंदिवस यत्न केले, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मूल गेले. पंचनाम्यासाठी शव उघडले, तेव्हा जठरामागचे स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर चिरडून दुभंगलेले दिसले. त्याच्या रसाने आतले सारे जाळले होते.

मी बाईसमोर जाऊ शकलो नाही. साहेब गेले. तिने विचारले, "तवाच ठेवून घेतला असता तर?" ते म्हणाले, "ठेवायला हवा होता, बाई. चूक माझी आहे." वरिष्ठांनाही त्यांनी तेच लिहून कळवले. त्यांची ठाण्याची बढती त्या पत्रामुळे राहिली, असे सगळे म्हणत. मी गप्प राहिलो.

पुढे दोन वर्षांनी खडवलीचे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले. म्हशीने तिच्या पोटात ढुशी मारली होती. याही वेळी बाहेरून खूण नव्हती. साहेबांनी तिला ठेवून घेतले, वेदनेसाठी अफूचा अर्क दिला आणि पहिले काही दिवस चमचा-चमचा पाण्यापलीकडे तोंडात काही जाऊ दिले नाही. आजोबा चिडले. "डागदर, पोरीला उपाशी मारनार काय?"

"आजोबा, पोटातल्या जखमेला विश्रांती हवी. तुम्ही इथेच बसा, माझ्यावर लक्ष ठेवा."

आजोबा खरोखरच बसून राहिले. तिसऱ्या आठवड्यात बरगड्यांखाली नारळाएवढी गाठ आली. ती कापण्याची मी घाई केली, पण साहेबांनी गाठीची भिंत घट्ट होईपर्यंत थांबायचे ठरवले. मग क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी गाठ पोटाच्या कातडीला शिवली आणि नळी घालून आतला द्रव काढला. तो स्वादुपिंडाचाच रस, कातडी जाळी. म्हणून रोज ते स्वतः भोवती मलम लावत. दोन महिन्यांनी मुलगी चालत घरी गेली.

त्या संध्याकाळी मी विचारले, "साहेब, तो मुलगा असाच वाचला असता का?"

"तसे सांगता येत नाही. पण आपण पाहत तरी राहिलो असतो." माझ्याकडे पाहून पुन्हा म्हणाले, "आता पोटाला मार लागलेले मूल आपण दोघेही घरी पाठवणार नाही."

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. ती दयाच मला अधिक सलते. साहेबांचे चाहते हो, त्या मुलाला घरी मी पाठवले होते. दोष माझा, आणि त्याची किंमत साहेबांनी मोजली. हे मी तेव्हाच वरिष्ठांना लिहायला हवे होते. त्या माऊलीलाही सांगायला हवे होते. पुढे मी तिच्या गावी गेलो, तेव्हा ती गाव सोडून गेली होती.

हे छापलेले पाहून साहेब रागावतील. खुशाल रागवोत. ईश्वर त्यांना निरोगी शरीर, शांत झोप आणि शंभर वर्षांचे आयुष्य देवो, आणि ज्या गोष्टीचा भार त्यांनी माझ्यासाठी वाहिला, तो यापुढे तरी त्यांच्या खांद्यावर न राहो.