अर्ज भरण्याआधीची फेरी

भूलतज्ज्ञ व्हायचं मी ठरवलं, तेव्हा सातपाटीत आमच्या घरी सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. पोर डॉक्टर झाली म्हणून बाबांनी अख्ख्या पाड्याला जेवण घातलं होतं. आणि आता तीच पोर म्हणत होती, मी कापणार नाही, कापणाऱ्याच्या बाजूला उभी राहून पेशंटला झोपवणार.

"म्हंजे कापनार दुसराच?" बाबा म्हणाले. "आन नाव पन त्याचाच?"

नाव त्याचंच होणार, हे मला कबूल करावं लागलं.

माझ्या हट्टाचं कारण पालघरच्या सरकारी दवाखान्यात होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी तिथे सक्तीच्या सरकारी सेवेचं, बाँडचं वर्ष काढत होते. सर्जन हुशार होते, ऑपरेशन थिएटर होतं, पण भूल देणारे डॉक्टर मुंबईहून फक्त मंगळवारी यायचे. बाकीच्या दिवशी जव्हारकडून अडलेली बाई आली, बोईसरच्या कारखान्यातून हात चिरडलेला कामगार आला, की त्यांना जीपमध्ये घालून मुंबईकडे रवाना करायचं. "मॅडम, इधर ही कर दो ना," असं त्या कामगाराचा भाऊ माझ्यापुढे हात जोडून म्हणाला होता. काही पोचायचे, काही वाटेतच जायचे. मला रडू यायचं नाही, संताप यायचा. सुरी होती, सुरी धरणारा होता, आणि झोपवायला कोणी नाही म्हणून माणसं मरत होती!

भूल शिकायचीच, हे ठरलं. प्रश्न उरला, अर्ज कुठे करायचा. मुंबईतल्या माझ्या कॉलेजात मला जागा जवळजवळ मिळाल्यातच जमा होती. दुसरं कॉलेज हृदयाच्या ऑपरेशनांसाठी गाजलेलं, तेही मुंबईतच. तिसरं मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज. एका जुन्या मैत्रिणीच्या बोलण्यात त्याचं नाव आलं होतं, एवढीच त्याची माझी ओळख.

"म्हमईलाच कर," बाबांनी निकाल दिला. "तिकरं दर्या नाय, म्हावरा नाय. खाशील काय?"

बाबा तांडेल होते, बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी समोर बसले.

"बाबा, तुमी नवा खलाशी कसा घेता? त्याचा गाव इचारून?"

"गावाचा काय करू? एक फेरी संगती नेतो. जाला वढताना मानूस समजतो."

"मंग मी पन फेरी मारते. जिथं माझ्या हातानं काम करू देतील तिथंच अर्ज."

बाबांच्या हातातली सुई थांबली. स्वतःच्याच जाळ्यात सापडलेला तांडेल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "जा," म्हणाले, "बापासारकीच हायस." मला ते ऐकून फार बरं वाटलं.

मुंबईच्या दोन्ही कॉलेजांत मी एकेक दिवस थिएटरमध्ये उभी राहिले. यंत्रं अशी की बघत राहावं. पण एका पेशंटभोवती पाच डॉक्टर, आणि पहिल्या वर्षाचा रजिस्ट्रार, म्हणजे भूल शिकायला आलेला डॉक्टर, कागद भरत भिंतीपाशी. मला दिवसभर लोकांच्या पाठीच दिसल्या. "वीज गेली तर काय करता?" असं विचारलं, तर एक जण हसून म्हणाला, "इथे जात नाही." आमच्याकडे रोज जायची.

मराठवाड्यात निघाले तेव्हा आईने सुक्या बोंबलांचं गाठोडं हातात दिलं. कोणाकडे पहिल्यांदा जाताना सातपाटीचं माणूस रिकाम्या हाताने जात नाही. मीही खुळी, ते गाठोडं थेट विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाई पक्क्या शाकाहारी! नाकाला पदर लावत त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग शिपायाला बोलावून ते गाठोडं त्याला देऊन टाकलं आणि मला म्हणाल्या, "चला, आत चला."

आत ऑपरेशन चालू असताना वीज गेली. कोणी ओरडलं नाही. खिडकीचा पडदा सरकवला, टॉर्च लागला. पहिल्या वर्षाची एक मुलगी भूल देणाऱ्या ईथरच्या यंत्राचा भाता हाताने चालवत होती, दुसऱ्या हाताचं बोट पेशंटच्या नाडीवर. बाई तिच्या मागे उभ्या होत्या, पण हात पाठीशी बांधून. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

मी एकच अर्ज भरला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस, पोरी," पालघरचे सर्जन कळवळून म्हणाले. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. मुलाखतीत समितीने विचारलं, मुंबई सोडून इकडे का? मी म्हटलं, "मला पालघरला परत जायचंय. तिथे लागतं ते फक्त तुमच्याकडे शिकवतात." बाई शेजारच्या सरांना म्हणाल्या, "ही ती बोंबीलवाली." जागा मिळाली.

शिक्षण संपवून परतले. पहिल्याच आठवड्यात, गुरुवारी, मोखाड्याकडची एक बाई डोलीतून आणि मग ट्रकमधून आणली. मूल आडवं होतं. कोणीतरी सवयीने जीपच्या ड्रायव्हरला हाक मारायला धावलं. सर्जन म्हणाले, "कशाला? हिला टेबलावर घ्या."

मी तिच्या उशाशी बसले. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला म्हटलं, "घाबरू नको बाय, मी हाय." हळूहळू तिचे डोळे मिटले, श्वास संथ झाला. त्या दिवशी वीज मुळी गेलीच नाही, माझी सगळी तयारी फुकट.

समोर सर्जन सुरी धरून उभे होते. बाँडच्या वर्षी या माणसाने मला, ए पोरी, हे आण, ते धर, असं दिवसभर पळवलं होतं. आता ते थांबले होते, नर्स थांबली होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "सुरू करू?"

मी नाडीवरचं बोट हलवलं नाही. आणखी एक श्वास बघितला, आणि म्हटलं, "करा."